मधला आवाज

काकांना मी कधी ‘हॅलो’ म्हणताना ऐकलं नाही. टेलिफोनच्या बोर्डावर दिवा लागला की ते दोरी खुपसायचे, कंपनीचं नाव सांगायचे आणि गप्प राहायचे. मी नवीन होते तेव्हा माझ्या तोंडून सवयीनं ‘हॅलो’ निघायचं आणि शेजारून ताबडतोब टोला बसायचा.

“हॅलो रस्त्यात म्हण. इथं माणसाला आधी कळायला हवं, आपण पोचलो कुठं.”

हे मुलुंडला, आग्रा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, आणि त्या बाजूच्या कारखान्यांत नोकरी टिकवून असलेला माणूस स्वतःला नशीबवान समजत होता. मी घाटकोपरची. एस.एस.सी. झाल्यावर टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि तिथले जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांच्या हाताखाली लागले. बोर्ड म्हणजे एक कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोक म्हणजे कुणाचं तरी टेबल, आणि खाली दोऱ्या. बाहेरून आलेली दोरी आतल्या भोकात खुपसली की दोन माणसं जोडली जायची. प्रत्येक दोरीला एक खटका होता. तो पुढे ओढला की दोघांचंही बोलणं आपल्या कानात, मागे ढकलला की ते दोघे आपापसात. दोन्ही बाजूंचा आवाज एकमेकांना मिळाला की काकांचा खटका मागे गेलाच. त्यापुढे एक शब्द ऐकायचा नाही. माझं बोट खटक्यावर जरा रेंगाळलं तरी ते माझ्याकडे न बघता म्हणायचे, “लिसन इन करू नकोस.”

माणूस किडकिडीत, मालवणकडचा, नववी नापास. पांढरा शर्ट, त्याला परीटघडी. कानावरच्या हेडफोनच्या पट्टीनं तेल लावलेल्या केसांत एक खाच पाडली होती, ती म्हणे रविवारीसुद्धा जात नसे. सुपारी सोडलेली, का तर चावल्याचा आवाज लाइनवर जातो. हेडफोनच्या बोलायच्या तोंडावर रोज डेटॉलचा बोळा फिरवायचे. माझी बोर्डावरची पाळी संपली की माझ्यानंतरही फिरवायचे, त्याचा मला संताप यायचा. मी म्हटलं, काका, मला काय रोग झालाय? तर म्हणाले, “रोग नाय गो. तू लसणीची चटणी खातस.”

कारखान्यात त्यांचं नाव ‘होल्डऑन’ पडलं होतं. चहावाल्यालासुद्धा ते “होल्ड ऑन प्लीज” म्हणायचे. त्यांची बायको मी तिथं लागायच्या आधीच वारली होती. तीही जेवायला हाक मारायची तेव्हा आतून “होल्ड ऑन गो” असं उत्तर यायचं, हे त्यांची मुलगी हसत हसत सांगायची.

आणि त्यांचं वेड म्हणजे इंग्रजीतल्या जोड्या. व्याकरण त्यांना येत नव्हतं. प्रेपोझिशनला ते सरळ ‘शेपूट’ म्हणायचे. त्यांचा सिद्धांत असा, की इंग्रजीतली क्रियापदं म्हणजे रिकामे डबे. पुट काय, गेट काय, टेक काय, नुसते बघून आत तांदूळ आहे की मीठ ते कळत नाही. मागं काय लागलंय ते बघायचं. मी शाळेत पाठ केलेले भलेमोठे शब्द त्यांना फेकून मारायची, पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट. ते नाक उडवायचे.

“हे कागदावरचे. फोनवर माणूस पोस्टपोन म्हणत नाही, पुट ऑफ म्हणतो. टॉलरेट कोण करतो? पुट अप विथ करतो.”

“म्हणजे काय?”

मराठी अर्थ ते कधीच सांगायचे नाहीत. प्रसंग सांगायचे.

“मेहुणा गावाहून आला. महिना झाला, हलत नाही. रोज ताटात मासे मागतो. तू काय करशील?”

“हाकलून देईन.”

“तो तुझा स्वभाव झाला. जगात माणसं काय करतात? पुट अप विथ करतात.”

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की हे सुरू व्हायचं. लुक फॉर म्हणजे माझा चष्मा. लुक आफ्टर म्हणजे माझ्या बायकोनं माझ्या आईचं केलं ते. आणि साहेब लोक ‘वी विल लुक इन्टू इट’ म्हणाले की समजायचं, काहीही होणार नाही. सुपारी मी गिव्ह अप केली, ती माझ्या मनानं. बायकोनं धोशा लावला म्हणून मिशी काढली, ते गिव्ह इन. असं शिकवलेलं जन्मात विसरत नाही. पुढे मी अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात बोर्डावर बसले, तिथं कॉन्व्हेंटच्या मुली माझ्यापेक्षा फाडफाड बोलायच्या, पण चिडलेल्या गोऱ्या गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते मला आधी कळायचं. ते काकांचं देणं.

त्यांना हे शिकवलं होतं त्यांच्या आधीच्या ऑपरेटर बाईंनी. त्या अँग्लो-इंडियन होत्या. काका तेव्हा ऑफिसात शिपाई होते. बाईंनी त्यांना पाण्याचा ग्लास आणून द्यायच्या बदल्यात रोज एक जोडी दिली, आणि ऑस्ट्रेलियाला जाताना बोर्ड दिला. सोबत एक नियमही दिला, की कानावरून गेलेलं आपलं नसतं. काका बाईंचं नाव काढलं की खुर्चीत जरा ताठ व्हायचे.

कामगारांचं त्यांना फार कौतुक होतं. ज्यांना ए बी सी डी येत नव्हती अशी माणसं ब्रेकडाऊन, ले-ऑफ, लॉकआउट, वॉकआउट हे शब्द अगदी बिनचूक वापरायची. “बघ,” काका म्हणायचे, “शेपटासकट शिकलेत. कोणी शिकवलं? पोटानं.”

वरिष्ठांनाही ते सोडत नसत. आमचे पर्सोनेल ऑफिसर एकदा बोर्डाच्या खोलीत येऊन तक्रार करून गेले, इतके फोन येतात की आय कॅनॉट कोप अप विथ देम. काका उठून उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, कोप विथ. अप नको.” ऑफिसरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांच्या मागं त्यांचा कारकून उभा होता, त्यानं तोंडावर रुमाल धरला. त्या दिवसापासून ऑफिसर मुद्दाम ‘कोप अप’ म्हणू लागले आणि काका प्रत्येक वेळी डोळे मिटून घेऊ लागले. त्या दोघांचं वैर एका ‘अप’वरून कायमचं ठरलं. मला तेव्हा हे सगळं फार विनोदी वाटायचं.

एक प्रसंग मात्र विनोदी नाही. गावाहून फोन आला, फाउंड्रीतल्या एका माणसाची आई गेली. असे निरोप फोरमनला कळवायची पद्धत होती. काकांनी मला बोर्डावर बसवलं, हेडफोन उतरवला आणि उन्हातून सगळं आवार ओलांडून स्वतः फाउंड्रीत गेले. मी नंतर त्या माणसाकडूनच ऐकलं. काकांनी त्याला भट्टीपासून बाजूला नेलं, बसवलं, त्याचा हात धरला आणि फोनवर भाऊ जे बोलला होता ते शब्दाला शब्द सांगितलं. “आई सकाळी गेली. तुझं नाव घेत होती. आम्ही थांबतो.” त्यात स्वतःचा एक शब्द घातला नाही. तो माणूस म्हणाला, मला वाटलं भाऊच बोलतोय. ज्याचा निरोप त्याला पोचवायला हा माणूस विस्तवात गेला असता. आणि ज्याचा नाही त्याला तो मेला तरी सांगणार नव्हता. ही दोन टोकं एकाच माणसात होती, आणि मला फक्त पहिलं दिसत होतं.

मुलगी त्यांना एकच. माझ्याच वयाची, जिभेनं तिखट, माझी लगेच मैत्रीण झाली. तिचा नवरा आमच्याच मशीन शॉपमध्ये टर्नर होता. काकांनीच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. पाचरस्त्याजवळच्या काकांच्या खोलीत तिघं राहायची. जावई हसतमुख, हाताला चांगला, सासऱ्यांना ‘मामा’ म्हणायचा आणि त्यांच्या जोड्या मशीनवर म्हणून दाखवून लोकांना हसवायचा. मुलगी दुपारी गरम डबा घेऊन गेटावर यायची. वॉचमन ओळखीचा, तो तिला बोर्डाच्या खोलीपर्यंत सोडायचा.

“घरी बोलतच नाहीत गं,” ती मला सांगायची. “आपल्या मनातलं काय ते एक वाक्य बोलायचं तर घाम फुटतो त्यांना. दिवसभर दुसऱ्यांचं बोलायची सवय.”

त्या वर्षी श्रावणात मोठ्या साहेबांना कलकत्त्याहून मालकांचा ट्रंक कॉल आला. तेव्हाच्या ट्रंक लाइनी म्हणजे विहिरीत बोलल्यासारखं. कधीकधी दोन टोकांना एकमेकांचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, मधल्या ऑपरेटरला मात्र दोघांचंही ऐकू यायचं. मग मधल्यानं एकाचं वाक्य दुसऱ्याला सांगायचं. निरोप्याचंच काम, आम्ही दोघंही करत असू. त्या दिवशीही तेच झालं. साहेब केबिनमधून ओरडले, “तूच सांग ते काय म्हणतायत!” काकांनी खटका पुढे ओढला, एक वाक्य ऐकलं आणि माझ्याकडे वळले.

“जा, चहा पिऊन ये.”

“आत्ता?”

“जा म्हटलं ना.”

मी फणकाऱ्यानं बाहेर गेले. खोलीला काचेची भिंत होती. चहाचा ग्लास हातात घेऊन मी बाहेरून बघत होते. काका बसून बोलत होते, ते बोलता बोलता उभे राहिले. बोर्डावर उभं राहून बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, हेडफोनची दोरी तेवढी लांबही नव्हती. मान वाकडी करून, एक हात पेटीवर टेकून ते बराच वेळ ओठ हलवत होते. मी आत आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगी डब्याबरोबर एक प्रश्न घेऊन आली. जावयाच्या मित्रानं नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पगार थोडा कमी, पण कायमची नोकरी आणि राहायला खोली. आठवड्यात उत्तर हवं होतं.

“ह्यांचं मन नाही,” ती म्हणाली. “इथं सगळं जमलंय म्हणतात. मामा ऑफिसात बसतात, मामांना विचार म्हणाले. बाबा, कंपनीचं काय वाटतं तुम्हाला?”

काका डब्याचं झाकण काढत होते. ते तसंच हातात राहिलं.

“जावा नाशिकाक,” ते म्हणाले.

“का?”

“जावा म्हणतंय ना.”

“अहो पण का? इथं काय वाईट आहे? तुमच्या कानावर काही आलंय का?”

“माज्या कानार काय येता, ता माका कळत नाय,” काका म्हणाले. आवाज चढला होता. “तुमी दोघांनी नाशिकाक जावचा. खोली रिकामी करूची.”

खोलीचं ते का बोलले, देव जाणे. मला वाटतं कारण मागितल्यावर त्यांना जे पहिलं सापडलं ते त्यांनी दिलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. डबा तसाच ठेवून ती निघून गेली.

घरी काय झालं ते मला तिच्याचकडून कळलं. जावई जेवत होता, तो ताटावरून उठला. “मामांना आपली अडचण होते,” म्हणाला. “होते तर होते. खोली सोडू. पण त्यांनी हाकललं म्हणून मी गाव सोडून जाणार नाही. ह्याच कंपनीत राहीन आणि ह्यांच्याच नाकासमोर राहीन.” त्यानं नाशिकला नाही म्हणून कळवलं, आणि दोघांनी भांडुपला टेंभीपाड्यात डोंगरावर एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. सामान हलवत होते तेव्हा काका दारात उभे होते. मुलीच्या हातातली कळशी धरायला ते पुढे झाले, तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली.

गरम डबा बंद झाला. काका पाव आणि केळी खाऊ लागले. जोड्याही बंद झाल्या. मीच एकदा खोदून विचारलं, काका, टर्न डाऊन म्हणजे काय, प्रसंग सांगा ना. ते म्हणाले, “जेव आता.”

दिवाळी झाली. बोनस व्यवस्थित वाटला, साहेबांनी हात जोडून सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. आणि सुट्टीनंतर सकाळची पाळी गेटावर आली तर गेटाला कुलूप आणि कुलपावर नोटीस. ती इंग्रजीत होती. पण वाचायची गरज कुणालाच पडली नाही. “लॉकआउट,” असा एकच शब्द गर्दीतून मागं मागं सरकत आग्रा रोडपर्यंत गेला. जावई पहिल्या रांगेत होता, हातात डबा.

ऑफिसच्या लोकांनाही घरी बसवलं, त्यात मी होते. एकट्या काकांना ठेवलं. बंद कारखान्यालासुद्धा फोन येतात, आणि कुणीतरी सांगावं लागतं की कंपनी बंद आहे. रोज सकाळी ते परीटघडीचा शर्ट घालून यायचे. वॉचमन गेटाची छोटी दिंडी उघडायचा, आणि बाहेर मंडप टाकून बसलेली माणसं, ज्यांची नावं त्यांना आवाजावरून पाठ होती, ती तोंड फिरवायची.

तरी तोवर कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते फोडलं आमच्या पर्सोनेल ऑफिसरांनी. युनियनचे लोक बोलायला गेले, वादावादी झाली, तेव्हा ते म्हणाले, “आरडाओरडा कसला करता? तुमच्या होल्डऑनला श्रावणापासून ठाऊक आहे. मालकांचं वाक्य न् वाक्य त्याच्या तोंडून गेलंय. त्यानं ब्र काढला? निष्ठा म्हणजे काय ते त्याच्याकडून शिका.” हे ते स्तुती म्हणून बोलले की जुना हिशेब चुकता केला, मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी गेटावर येऊन उभी राहिली. मीही तिथंच होते, आम्ही सगळेच रोज जाऊन बसत होतो. काका आले. ती त्यांच्या आणि दिंडीच्या मध्ये उभी राहिली.

“बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“श्रावणात?”

“हो.”

“मी तुमच्यासमोर बसून विचारलं, का जाऊ म्हणून. एक शब्द सांगायचा होता. घरातल्या माणसाला एक शब्द.”

“तो माझा नव्हता गो,” काका म्हणाले. “मी मधी होतंय.”

“मग आता तरी मधून बाहेर या,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, पण ती रडत नव्हती. “हे सगळे बसलेत ना, त्यांच्यात येऊन बसा. झालं गेलं मी विसरेन. बाबा, या ना.”

मला वाटलं, येतात. खरंच वाटलं, कारण त्यांनी एक पाऊल तिच्या बाजूला टाकलं होतं. तेवढ्यात आतून वॉचमन म्हणाला, “काका, बोर्ड वाजतोय केव्हाचा.” आणि काका तिच्या बाजूनं वळसा घालून दिंडीतून वाकून आत गेले. मला त्या क्षणी त्यांची किळस आली.

ती किळस राहिलीच. तरी त्या महिन्यात मी एकदा त्यांच्या खोलीवर गेले, भांडायलाच गेले म्हणा ना. खोली झाडलेली, स्टोव्ह थंडगार. मी म्हटलं, काका, नव्हतं सांगायचं तर नसतं सांगितलंत, पण एखादं खोटं कारण देता आलं असतं. तिकडं हवा चांगली आहे म्हणायचं. ज्योतिषानं सांगितलं म्हणायचं.

“सुचलं नाही,” ते म्हणाले. “मी बोलत कुठं होतो कधी, पोरी? जे समोरचा बोलला ते मी पुढं दिलं. माझ्या मनचं बोलायचं झालं की काहीतरी भलतंच तोंडातून जातं. ती खोली रिकामी करा म्हटलं ना, तसं.”

मग मला म्हणाले, तू तिला भेटलीस की सांग. काय सांगू विचारलं, तर म्हणाले, “राहू दे.”

कंपनी उघडली नाही. मला हॉटेलात नोकरी लागली. जावयानं रिक्षा चालवून पाहिली, ती भाड्याची होती, जमली नाही. मग भांडुपलाच एका गाळ्यात तो पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर लागला. टर्नरचा हात प्रेसवर वाया, पण घर चालायला हवं होतं. असल्या गाळ्यांत काम जास्त निघावं म्हणून प्रेससमोरची जाळी काढून ठेवलेली असते. एका सकाळी त्याची उजव्या हाताची बोटं प्रेसखाली गेली. अंगठा तेवढा राहिला.

काका माझ्या हॉटेलात आले. मागच्या दारानं, नोकर लोक येतात तिकडून. शर्ट चुरगळलेला होता. “माझ्याबरोबर इस्पितळात येशील?” म्हणाले. “एकट्याला ती आत घ्यायची नाही.”

महापालिकेचं इस्पितळ, संध्याकाळची भेटायची वेळ. मुलगी खाटेजवळ स्टुलावर बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि उठली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. जावई जागा होता. हात बँडेज करून उशीवर ठेवलेला. इंजेक्शनाची गुंगी होती, शब्द जड येत होते. सासऱ्यांना पाहून तो हसायचा प्रयत्न करू लागला, आणि त्याचा तो हसायचा प्रयत्न मला आजही बघवत नाही.

“मामा,” तो म्हणाला, “तुमी जा म्हणाला होता. मीच डोक्यात राख घालून घेतली. तुमचा काय दोष नाय.”

काका खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. वाटलं आता रडतील. पण ते बोलू लागले. तो त्यांचा घरचा आवाज नव्हता, बोर्डावरचा होता, सरळ, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. मला पहिल्यांदा कळेना काय चाललंय. मग कळलं. ते तो श्रावणातला ट्रंक कॉल सांगत होते. पहिल्या वाक्यापासून.

“मालक म्हणाले, क्लोज इट डाऊन. मुलुंड बंद करा. साहेबांनी विचारलं, कधी? मालक म्हणाले, दिवाळी होऊ द्या, टिल देन कॅरी ऑन, तोवर चालू ठेवा. साहेब म्हणाले, युनियनला वास लागला तर? मालक म्हणाले, होल्ड ऑफ, इतक्यात कुणाशी काही बोलू नका. साहेबांनी जमिनीचं विचारलं. मालक म्हणाले, सेल इट ऑफ, विकून टाका. गिऱ्हाईक आहे. साहेब म्हणाले, अँड द मेन? माणसांचं काय? मालक म्हणाले, पे देम ऑफ. देऊन घालवा. साहेबांना ऐकू गेलं नाही. मी दोनदा सांगितलं. पे देम ऑफ, सर.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा वळून बघत होता. नर्स दारातून डोकावून गेली. काकांची नजर जावयाच्या चेहऱ्यावर होती की त्याच्या पलीकडे भिंतीवर, सांगता येत नव्हतं. इतके महिने त्यांनी ते पोटात ठेवलं होतं, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मला वाटलं त्यांच्या तोंडावर हात ठेवावा. आता कशाला, असं ओरडावं.

मुलीनं नवऱ्याच्या गळ्यापर्यंत चादर ओढली.

“बाबा,” ती हळू म्हणाली, “ते केव्हाच झोपले.”

काका थांबले. जावयाचं तोंड किंचित उघडं होतं, श्वास संथ चालला होता. त्यांनी ते पाहिलं, नीट पाहिलं. मग राहिलेलं वाक्य त्यांनी पूर्ण केलं.

“मग मालकांनी विचारलं, मध्ये हा बोलतोय कोण? भरवशाचा आहे का? ते मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, त्यांना सांग, आहे. मी सांगितलं. येस सर, ही कॅन बी रिलाइड अपॉन.”